सत्तरपैकी चोवीस दिवस

ठरलं ते कोथरूडला, शैलाच्या स्वयंपाकघरात, एका शनिवारी सकाळी. मला निवृत्त होऊन तिसरा आठवडा चालू होता. पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं फायली हलवल्यावर एकदम हाताला काही कामच नव्हतं, आणि घरी विश्रांतवाडीला भावाची मुलं-सुना मला दिवसभर "आत्या, तू बस, आम्ही करतो" म्हणायची. बसून बसून जीव नकोसा झाला होता. शैलाकडे गेले. तिने पोहे पुढे ठेवले, समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सुजे, सत्तर दिवस आहेत का तुझ्याकडे?"

"कशाला?"

"थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम. पाठीवर एकेक पिशवी. टूरवाले नाहीत, झेंडा धरून पुढे चालणारा माणूस नाही, जेवणात पनीर मिळेलच अशी हमी नाही. आपण दोघी."

"अगं, अठ्ठावन्न वर्षांच्या आहोत आपण."

"म्हणूनच विचारतेय. अडुसष्टच्या असतो तर विचारलं नसतं."

या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना तयारीचे लेख आठवत असतील. पिशवी कुठली घ्यावी, औषधं कुठली, व्हिसा कुठे काढावा हे सगळं मी इथेच लिहिलं होतं. मग आम्ही निघालो आणि मी लिहिणं थांबवलं. "परत आलात का? पुढचं कधी?" असे निरोप अजून येतात. दोन वर्षं मी कुणालाच उत्तर दिलं नाही. आज देते.

नव्या वाचकांसाठी आधी आम्ही कोण ते सांगते. शैला आणि मी बी. एस्सी.ला गणिताच्या वर्गात शेजारी बसायचो. पुढे मी सरकारी नोकरीत गेले आणि ती कॉम्प्युटरमध्ये, तेही पुण्यात फार कमी लोकांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला होता तेव्हा. साल दोन हजार उजाडताना जगभरची यंत्रं बंद पडतील अशी भीती होती, ते दुरुस्त करणाऱ्यांत ती होती. नंतर कंपन्या आल्या, हिंजवडी झाली, ती रोज कंपनीच्या बसने जायला लागली आणि मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाली. नवरा लवकर गेला. मुलगा निखिल अमेरिकेत. मी लग्न केलं नाही. भावंडांच्या शिक्षणात ते राहूनच गेलं. थोडक्यात, अडतीस वर्षांत माझी म्हणावी अशी मैत्रीण एकच होती.

तयारीला सव्वा वर्ष लागलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मजेचं वर्ष. आमच्या तरुणपणी परदेशी जायचं म्हणजे डॉलरसाठी सरकारदरबारी अर्ज करावे लागत. आता शैला पोहे खाता खाता मोबाइलवर बँकॉकमधली खाट राखून ठेवत होती. चालण्याचा सराव म्हणून आम्ही आठवड्यातून तीनदा वेताळ टेकडीवर जायचो, पाठीवरच्या पिशवीत पाच-पाच किलो तांदूळ भरून. एक काका रोज बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "काय हो, वर रेशनचं दुकान उघडलंय का?" शैला न थांबता म्हणाली, "हो. कार्ड आणलंय का आपण?"

सगळं नियोजन तिचं होतं. प्रत्येक दिवसाचा एक कागद: कुठून कुठे, कुठली बस, राहायची जागा कुठली, तिचा पत्ता तिथल्या लिपीत, सकाळी काय खायचं. सत्तर कागद, दोन-दोन प्रती. शिवाय गळ्यात अडकवायची एक पातळ थैली, त्यात त्या दिवसाचा कागद आणि पासपोर्ट. मी म्हटलं, "शाळेच्या सहलीला चाललोय का आपण?" ती म्हणाली, "जन्मभर प्रोग्रॅम लिहिले मी. माणूस चुकणार हे धरूनच लिहायचं असतं." एका शनिवारी तिने मला कंबोडियाचे नऊ दिवस तपशीलवार समजावून सांगितले. आदल्याच शनिवारी सांगितले होते, तेही याच शब्दांत. मी म्हटलं, उत्साहात आहे बिचारी, सांगू दे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात निघालो. पुण्याहून पहाटेच्या गाडीने मुंबई विमानतळ, तिथून साडेचार तासांत बँकॉक. थायलंडचा दोन महिन्यांचा व्हिसा मुंबईतच काढून ठेवला होता. तुम्हीही तसंच करा, रांगेत उभं राहणं वाचतं. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि उरलेल्या चौघी आमच्या मुली शोभतील अशा वयाच्या. पहिल्या सकाळी त्यांनी आम्हाला विचारलं, "तुमचा ग्रुप कुठे आहे?" शैला म्हणाली, "हा काय!" आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

बँकॉकमध्ये नदीतून होड्या बससारख्या धावतात. नारिंगी झेंड्याची होडी पकडा. स्वस्त पडते आणि जवळजवळ सगळीकडे थांबते. शैलाने तो नकाशा दोन मिनिटांत डोक्यात बसवला. ती शाकाहारी. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेलं दुकान दिसलं की तिथे मासे-मटण नसतं, हे तिनेच शोधून काढलं. मी मात्र काहीही खाते, त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीशी माझा मुक्काम व्हायचा आणि ती शेजारी कापलेल्या पेरूची पिशवी घेऊन उभी राहायची.

चौथ्या दिवशी निघताना ती कपाटाच्या कुलपापुढे उभी राहिली. चार आकडे लावायचे होते, आणि ते तिनेच निवडलेले होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "शैले, स्वतःची जन्मतारीख विसरलीस?" म्हणून मी हसले. तीही हसली. मी आकडे लावले. तिच्या कपाळावर घाम होता तो मी पाहिला आणि उकाड्यावर घातला.

चियांग माईला सकाळची रेल्वे घ्या. अकरा तास लागतात, पण खिडकीतून भातशेती आणि मग डोंगर बघायला मिळतात. गाव सुरेख. जुनं शहर चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक, आणि फिरायला लाल रंगाच्या गाड्या, आपल्याकडच्या सहा आसनी रिक्षांसारख्या. हात केला की थांबतात, मागे समोरासमोर बसायचं.

इथे मला माझं थोडं सांगायला हवं. माझे वडील छप्पन साली नागपूरला गेले होते तेव्हा विशीत होते. आमच्या घरात रोज संध्याकाळी वंदना व्हायची, चाळीत आमच्याकडे बघून कोण काय म्हणतं याची पर्वा न करता. वडील म्हणायचे, गावंच्या गावं बौद्ध आहेत असा एक तरी देश बघायला हवा. त्यांनी पाहिला नाही. चियांग माईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, एका विहारात वंदना सुरू झाली. आत म्हाताऱ्या बायका पाय मागे दुमडून बसलेल्या. इतकं सोनं, इतक्या फुलमाळा. आमच्या विश्रांतवाडीच्या विहाराशी काहीच जुळत नव्हतं. मग भिक्खूंनी म्हणायला सुरुवात केली आणि मी थिजले. उच्चार वेगळे, "पुत्थंग सरणंग" असं काहीतरी, पण शब्द तेच. मी शैलाला म्हटलं, "तू पायऱ्यांवर बस, मी पंधरा मिनिटांत आले." आणि आत जाऊन बसले. म्हणत गेले. शेजारची म्हातारी दचकून माझ्याकडे बघायला लागली, मग हसली, आणि तिने माझा हात तिच्या मांडीवर घेतला. पंधरा मिनिटांचा तास कधी झाला कळलं नाही. प्रवासात मला जे काही मिळालं ते त्या एका तासात मिळालं, आणि त्याच तासात शैला हरवली.

पायऱ्यांवर तिच्या चपला होत्या, ती नव्हती. आधी वाटलं आत आली असेल. मग आवार पालथं घातलं, रस्ता पाहिला, हॉस्टेलवर धावत गेले, परत आले. ती सापडली बाजारात, खंदकाच्या पलीकडे, अनवाणी. एका फळवालीशी मराठीत भांडत होती. "अहो, साधं विचारतेय मी, कोथरूडला जाणारी बस इथे थांबते की पलीकडे?" फळवालीने तिला बसायला स्टूल दिलं होतं आणि ती त्यावर बसायला तयार नव्हती. मला पाहिलं तसा तिचा चेहरा क्षणभर कोरा राहिला, मग म्हणाली, "काय गं, किती वेळ? मी म्हटलं गंमत करावी जरा."

मी ते मानलं. आज लिहिताना हात थांबतो, पण मी ते मानलं. अनवाणी पायांचं काय, हेही विचारलं नाही. मला सीमा ओलांडायची होती, उरलेले सगळे दिवस हवे होते.

चियांग माईहून चियांग खोंगला बस सहा-सात तास घेते. रात्र तिथे काढून चौदाव्या दिवशी आम्ही लाओसच्या सीमेवर पोचलो. पुलावरून जायला वेगळी बस असते, पलीकडे उतरलं की खिडकीपाशी व्हिसा मिळतो. फोटो आणि कोरे डॉलर जवळ ठेवा, चुरगळलेली नोट घेत नाहीत. आमच्यामागे तीस-चाळीस जणांची रांग होती. खिडकीपाशी शैलाने हँडबॅग उलटी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझा पासपोर्ट दे."

"तुझ्या गळ्यात आहे."

"नाहीये. तू घेतलायस."

"अगं, थैलीत बघ." मी हात पुढे केला तसा तिने तो झटकला. आणि म्हणाली, मोठ्याने, स्वच्छ आवाजात, "हात लावू नकोस. तुम्हा लोकांना सगळं आयतंच लागतं."

राखीव जागेवर नोकरी लागल्यापासून हे वाक्य मी ऑफिसात वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले होते. मागून, पुढून, चेष्टेत, बढतीच्या वेळी. शैलाकडून कधीच नाही. उलट तिच्या लग्नात तिच्या एका नातेवाइकाने असंच काही म्हटलं तेव्हा तिने नवरीच्या साडीत त्याला उठून जायला लावलं होतं. मी त्या रांगेत ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. अडतीस वर्षं हेच होतं का तुझ्या मनात, असं विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग गळ्यातली थैली उघडून तिने पासपोर्ट काढला आणि खिडकीत दिला, जणू मधलं काही झालंच नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

तिथून लुआंग प्राबांगला जायला मेकाँग नदीतून लाकडी होडी असते. दोन दिवस लागतात, मध्ये एका गावात मुक्काम. जुन्या मोटारींच्या सीटा फळ्यांवर मांडलेल्या असतात. मागे इंजिनाजवळ बसू नका, कानठळ्या बसतात. खायला बरोबर केळी आणि पाव घ्या, होडीत फक्त कपातल्या शेवया मिळतात. दोन्ही काठांना जंगल आणि पाण्यातून वर आलेले काळे खडक. दुपारी शैला माझ्या शेजारी येऊन बसली.

"काल मी काहीतरी बोलले ना तुला?"

"आठवत नाही?"

"नाही." मग नदीकडे बघत म्हणाली, "सुजे, मला सांगितलंय डॉक्टरांनी. वीस महिने झाले. विसरायला होणार, आधी थोडं, मग सगळं."

मी मांडीवरची केळ्यांची पिशवी खाली ठेवली.

"कळलं त्या दिवशी मी पहिला फोन तुला केला होता. तुझी मार्चअखेर चालली होती. म्हणालीस, नंतर बोलू. नंतर मी विचार केला, नकोच सांगायला. त्यापेक्षा हिला घेऊन कुठेतरी जाऊ."

"निखिलला माहीत आहे?"

"नाही. त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी तो हजर. मग एक बाई ठेवतील, ती माझ्यामागे न्हाणीघरापर्यंत येईल. व्हायचंच आहे ते. पण आधी मला हे सत्तर दिवस हवेत. पुढे मला ते आठवणार नाहीत, हे मला माहीत आहे. तरी हवेत. तू त्याला सांगणार नाहीस. बोल."

"नाही सांगणार."

"शपथ घे."

घेतली. तिच्या हातावर हात ठेवून घेतली. तिला जवळही घेतलं. आणि ते करताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं: ते वाक्य आजाराचं होतं, की आत कुठेतरी होतंच आणि आजाराने फक्त झाकण काढलं? विचारायचं कुणाला? जिने म्हटलं तिला आठवत नव्हतं.

लुआंग प्राबांग हे छोटं गाव, दोन नद्यांच्या बेचक्यात. फिरायला पाय पुरतात. बांबूच्या डब्यात वाफवलेला चिकट भात मिळतो, हाताने गोळा करून खायचा. आमची खोली एका बाईंच्या घरात माडीवर होती आणि त्या बाई आमच्याकडून भाषा न येताही सगळं समजून घ्यायच्या. पहिले तीन दिवस चांगले गेले. शैला सकाळी कागद वाचायची, मला वाचून दाखवायची, आम्ही निघायचो. बाजारात घासाघीस करताना ती आधीसारखीच तिखट होती. एका जर्मन जोडप्याला तिने पुढच्या बसचं वेळापत्रक तोंडपाठ सांगितलं. मला वाटायला लागलं, रोज असे दिवस आले तर जमेल. मी दाराला आतून ओढणी बांधायला लागले. तिने ते पाहिलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी उठले तेव्हा ओढणी व्यवस्थित घडी करून उशीवर ठेवलेली होती आणि दार उघडं होतं.

सात वाजले होते. भिक्खूंची भिक्षाफेरी नुकतीच संपून गेलेली, रस्त्यावर बायका चटया गुंडाळत होत्या. मी एकेकीला फोटो दाखवत गेले. घरमालकीण बाई माझ्यापुढे पळत होत्या. लहान नदीच्या उतारावरून आरडाओरडा ऐकू आला. शैला छातीपर्यंत पाण्यात होती. थंडीचे दिवस, पाणी गार, मध्ये धार जोरात. कपडे धुणाऱ्या दोघी बायका तिच्यामागे पाण्यात शिरल्या होत्या. एकीने तिचा दंड धरला होता आणि शैला तिला मारत होती, पुढे ओढत होती. "सोडा, माझं घर पलीकडे आहे! निखिल शाळेतून आला असेल, किल्ली माझ्याकडे आहे!"

मी आणि घरमालकीण बाईही पाण्यात शिरलो. आम्ही चौघींनी तिला बाहेर काढलं. ज्या बाईला तिने मारलं तिच्या ओठातून रक्त येत होतं, आणि तीच बाई स्वतःची चादर शैलाच्या अंगावर घालत होती. मी त्या बाईंच्या पाया पडले. त्यांना ते कळलं नाही. त्याही खाली वाकल्या, आणि आम्ही दोघी चिखलात एकमेकींपुढे वाकून राहिलो.

खोलीवर आणून कोरडी केल्यावर शैलाला झोप लागली. मी जिन्यात बसले. सोबत एक नेमका विचार होता: अजून अठ्ठेचाळीस दिवस, अजून किती तरी नद्या. मी निखिलला फोन लावला.

त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, अशा अवस्थेत तुम्ही तिला घेऊन गेलातच कशा?"

मी नेलं नव्हतं रे, तिने मला नेलं होतं, हे मी म्हटलं नाही. म्हणून काय झालं असतं? तासाभरात त्याने तिकिटं पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान, बँकॉकमार्गे, चोविसाव्या दिवशी पहाटे मुंबई.

फोन ठेवून वळले तर शैला वरच्या पायरीवर उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीत होती, अगदी गणिताच्या वर्गातली शैला.

"शपथ घेतली होतीस," ती म्हणाली.

"शैले, तू बुडाली असतीस."

"तो माझा प्रश्न होता." आणि खोलीत जाऊन तिने पिशवी भरायला घेतली. उरलेले अठ्ठेचाळीस कागद तिने घरमालकीण बाईंच्या चुलीशेजारी नेऊन ठेवले, जाळायला.

परतीच्या वाटेवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. विमानात तिच्यासाठी शाकाहारी थाळी मागितली तर तिने हवाईसुंदरीला सांगितलं, "माझं मी सांगेन." कोथरूडच्या घरी निखिल येईपर्यंत तीन दिवस मी तिच्याबरोबर राहिले. ती दार लावून आत बसायची. मी जेवण दाराबाहेर ठेवायची.

निखिल चांगला मुलगा आहे. नंतर त्याने फोन केल्याबद्दल माझे आभार मानले आणि पहिल्या दिवशीच्या बोलण्याची माफीही मागितली. आधी घरी बाई ठेवून पाहिली, मग हडपसरच्या पुढे अशा आजाराच्या लोकांसाठी एक जागा आहे तिथे तिला ठेवलं. मी दर गुरुवारी जाते, विश्रांतवाडीहून दोन बसगाड्या बदलून.

तुमच्यापैकी अनेकांना हा प्रवास करायचा आहे, म्हणून सांगते: जरूर करा. रस्ते सोपे आहेत, माणसं भली आहेत, आमच्या वयाच्या बायकांना कुठे कसलाही त्रास झाला नाही. जे झालं ते आम्ही इथूनच बरोबर नेलं होतं. मी तिचं ऐकून फोन केला नसता तर काय झालं असतं, याचा हिशोब मी रोज मांडते. कधी वाटतं ती आणखी वीस दिवस सुखात राहिली असती. कधी वाटतं चौथ्याच दिवशी मला तिचं शरीर शोधत काठाकाठाने फिरावं लागलं असतं. आणि कधी, जास्त वाईट दिवशी, वाटतं की त्या जिन्यात मोबाइल हातात घेताना सीमेवरचं ते वाक्य माझ्या मनात होतं. माझी भीती पूर्ण खरी होती, पण पूर्ण स्वच्छ नव्हती. याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मिळेल असं वाटत नाही.

शैलाला आता प्रवासातलं काहीच आठवत नाही. बँकॉक नाही, होडी नाही, नदी नाही. निखिललाही ती कधी कधी भाऊ समजते. तिथे सगळ्यांशी ती गोड असते. काम करणाऱ्या ताई सांगतात, इतकी शांत बाई आमच्याकडे दुसरी नाही. फक्त मी आत शिरले की ती खुर्ची भिंतीकडे वळवून घेते. डॉक्टरांनी निखिलला समजावलं की असं होतं, घटना पुसली जाते पण तिच्यामुळे मनात आलेलं काही मागे उरू शकतं. मी कोण, हे तिला माहीत नाही. माझ्यावर रागवायचंय, एवढं माहीत आहे.

परवाच्या गुरुवारी गेले तेव्हा ताई तिची वेणी घालत होत्या आणि ती त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगत होती. मला बघून ती थांबली. मग ताईंच्या कानाशी तोंड नेऊन, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "हिच्यासमोर काही बोलू नका. ही फोन करते."

ताई अवघडून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं." आणि भेटीची वेळ संपेपर्यंत तिच्या पाठीकडे बघत बसून राहिले.